तापात गळणारे केस

डॉक्टर मॅडमनी रोहिणीचा एक केस भिंगाखाली ठेवला, वरची काच अलगद फिरवली आणि पंकजाला म्हणाल्या, "या, बघा."

पंकजानं डोळा लावला आणि ती तिथंच राहिली. काळोखात एक दोर तरंगत होता, उजेडाचा पट्टा, अंधाराचा पट्टा, परत उजेड, परत अंधार, थेट वाघाची शेपटी! हा आपल्या पोरीचा केस? बोट लागलं की काडीसारखा मोडणारा, तापात उशीवर भुरूभुरू गळणारा? गावानं ज्याची कीव केली, त्याच्या आत हे असलं कायतरी लखलखत होतं!

"पर असं का व्हतं?" तिच्या नवऱ्यानं, वाल्मिकनं विचारलं.

"केस कसा घडवायचा, हे पेशीत लिहिलेलंच असतं. पण ते वाचायला सुरुवात करायची, तर आधी काही प्रोटीनं तिथं जमावी लागतात. त्यातलं एक प्रोटीन त्या लिखाणाच्या दोन धाग्यांचा पीळ उकलतं. मग वाचन सुरू. हिच्यात तेच अशक्त आहे. ताप आला की आणखी ढिलं पडतं."

पंकजाला ते चित्र दिसलंच. सगळे गोळा झालेत, आणि पीळ उकलणारा बिचारा दमून बसलाय. मग तिनं धीर केला.

"मॅडम, हिचं जावळ मामाच्या मांडीवर न्हाई काढलं. त्यानं तर न्हाई ना?"

त्या दिवशी तिच्या भावाचा, अंगदचा टेम्पो वाटेत बंद पडला होता. तेव्हापासून सासू मालनबाई त्याला मिरजगावच्या घरात पाऊल ठेवू देत नव्हत्या. भाऊबीज नाही, काही नाही.

मॅडम हसल्या नाहीत. "जन्माआधीचंच आहे हे. एक बिघडलेली प्रत आईकडून, एक वडलांकडून. दोन्ही आल्या तरच होतं."

परतीच्या एसटीत रोहिणी मांडीवर झोपली. सुपा गाव मागं पडलं. पेंगणाऱ्या एकेका माणसाच्या आत आत्ता कुणीतरी गुपचूप पीळ उकलत बसलंय, असं पंकजाला वाटत राहिलं, आणि सगळी गाडीच पाण्यावरनं चालल्यासारखी झाली.

वाल्मिकचा मोबाईल वाजला. मालनबाईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"काय म्हनली डाक्टरीन? कुनाकडनं आलंय?"

पोरीच्या डोक्यावरचा पंकजाचा हात थांबला. आता हा सांगणार, दोघांकडनं. आणि सासूला अर्धं पुरेसं होतं; अर्ध्याचं अख्खं करायला त्यांना कितीसा वेळ?

वाल्मिक समोरच्या सीटकडं बघत राहिला.

"माझ्याकडनं," तो म्हणाला. "माझ्याच रक्तातलं हाय, आई. अंगदचा काय संबंध न्हाई."

फोन बंद करून त्यानं मोबाईल खिशात टाकला.

"अवो, पर मॅडम तर..."

"तिला ह्या अंगाला घे," वाल्मिक म्हणाला. "तिकडनं ऊन यायलंय."