पोटात त्रिकोण असलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी. आता लाल कमी, गंजकी जास्त. नागपूरच्या नंदनवन वस्तीत चंद्रभान मिस्त्रींच्या गॅरेजमागे कडुनिंबाखाली उभी असते. मी बिघडले की मला बिघडवलं, हे मलाच बरेच दिवस कळत नव्हतं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म जपानचा. इतर गाड्यांच्या पोटात पिस्टन खाली-वर उड्या मारतात. माझ्या पोटात एक फुगीर त्रिकोण गरागरा फिरायचा. धक्का नाही, खडखड नाही. बोटीवर इंजिनिअर असलेल्या रविंद्रने १९७४ साली मला रामदासपेठेतल्या घरी आणलं. इंजिन चालू ठेवून त्याने बॉनेटवर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही!

"काहून गा, इंजिन बंद आहे काय?" शेजाऱ्याने विचारलं.

रविंद्रने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला आणि मी अशी सूर लावून उठले, की समोरच्या गच्चीवर पापडांवर टपलेले कावळे उडाले. खोटं कशाला बोलू, मला मिरवायला फार आवडायचं.

सुटी संपली तेव्हा रविंद्रने किल्ली धाकट्या बहिणीला, कुसुमला दिली. म्हणाला, "मी परत येईन तेव्हा स्टेशनवर तूच हिले घेऊन ये." वडील वामनराव आपल्या फियाटला कुणाला हात लावू देत नसत. ते म्हणाले, "पोरीच्या हाती गाडी? वाटोळं होईन!" कुसुमने ते मनाला लावून घेतलं. रोज सकाळी ती मला सेमिनरी हिल्सच्या चढावर नेऊन शिकायची.

माझी एक खोड होती. मी थोडं थोडं तेल जाळायची. त्रिकोणाच्या टोकांना ते लागतंच. रविंद्र नेमकं हेच सांगायला विसरला. माझा निळसर धूर पाहून कुसुमने चंद्रभान मिस्त्रींना बोलावलं. त्यांच्या हाताला नागपुरात तोड नव्हती.

"ताई, हे तेल पिऊन राहिली," ते म्हणाले. "तेल पेणारं इंजिन म्हणजे मरणाले टेकलेलं."

त्यांनी त्रिकोणाकडे तेल नेणारी बारीक नळी शोधली आणि बंद केली. धूर थांबला. वामनरावांनी खूश होऊन सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. इकडे माझ्या पोटात कोरड पडलेली! मी बरी झाले की आजारी पडले? सगळे हसतात, मग मलाच का जळजळतं? माझी तर मतीच गुंग झाली.

चार महिन्यांनी रविंद्रची येत असल्याची तार आली. कुसुमने मला धुतलं, झेंडूची माळ घातली आणि स्टार्टर दाबला. मी नुसती घरघरले. पुन्हा दाबला, पुन्हा घरघर. रविंद्र रिक्षाने घरी आला.

"सांगितलं होतं ना!" वामनराव अंगणातच ओरडले. कुसुम आत गेली, ती जेवायलाही बाहेर आली नाही. मला वाईट वाटलं. पण मला तरी कुठे ठाऊक होतं, चूक कोणाची?

दुसऱ्या दिवशी रविंद्रने चंद्रभानना बोलावून अंगणातच माझं इंजिन उघडलं. त्रिकोणाची टोकं पार झिजली होती. "मिस्त्री, ही नळी कोणी बंद केली?" त्याने हळूच विचारलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. चंद्रभान गप्प राहिले असते, तरी खपलं असतं.

त्यांनी हात पुसले आणि ओसरीसमोर उभं राहून हाक मारली, "कुसुमताई, बाहेर या." ती आली, मागोमाग वामनरावही ओसरीवर आले. मग ते वामनरावांना म्हणाले, "पोरीले बोल लावू नका. ते तेल इचं जेवण होतं, मी बिमारी समजलो. गाडी मी मारली, साहेब."

वामनराव ओसरीवरून खाली उतरले. मग खिशातून फियाटची किल्ली काढून त्यांनी कुसुमपुढे धरली. "रविंद्र जाईन तेव्हा त्याले स्टेशनवर तूच सोडून दे वं."

माझे सुटे भाग इथे मिळेनात. चंद्रभान मला भंगारात देईनात, त्यांनी मला आपल्या गॅरेजमागे आणून उभं केलं. आता अनोळखी गाडी आली, की हत्यार उचलण्याआधी ते मालकाला विचारतात, "इले काय काय लागते?" मित्रांनो, तुम्हीही कुणाची खोड मोडण्याआधी एवढं विचाराल ना?

दर दसऱ्याला ते मला झेंडू वाहतात आणि माझ्या इंजिनात चमचाभर तेल सोडतात. आता त्याचा काय उपयोग, मला कळत नाही. पण मी पिते.