खजिनदारांचं आमेन

मधूनच सुरुवात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे माझ्या नवऱ्याने आपल्या आईला सांगून पाहिलं. जेवताना सांगितलं, टीव्ही बंद करून सांगितलं, शेवटी माझ्याकडून सांगवलं. सासूबाई इस्त्री करत होत्या. त्यांनी शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं.

"तिला चर्चची पायरी चढता येत नाही, म्हणून मला कोर्टाची चढायची आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी शहाणी आहे असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

ती कॉलर चर्चच्या खजिनदारांची होती. म्हणजे ज्यांच्यावर दावा लावायचा होता, त्यांची.

त्याआधी

सासूबाईंची लाँड्री होती. गल्लीच्या तोंडाशी एक लांबोडकी खोली, शिरताच वाफ तोंडावर यायची. भिंतीला भिडलेलं टेबल, त्यावर जळक्या डागांचं जाड कांबळं, वरच्या नळीला टांगलेले लोकांचे कोट. सासरे लवकर गेले. या टेबलावर सासूबाईंनी मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं, आणि हाताचे कोपर साथ देईनासे झाले तेव्हा एका दुपारी यंत्रं आणि जागा दोन्ही विकून मोकळ्या झाल्या. एक घाव, दोन तुकडे.

पैसे चर्चला देते म्हणाल्या. नवरा म्हणाला, तुझे पैसे, तुझी मर्जी. मनातल्या मनात मी त्या पैशांत स्वयंपाकघर नवं करून, भांडीसुद्धा लावून टाकली होती.

धंदा बंद झाला तरी दोन गोष्टी त्यांच्या हातून सुटल्या नाहीत: वेदीचं पांढरं कापड आणि खजिनदारांचे शर्ट. खजिनदार विधुर. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते चुरगळलेल्या शर्टात आले, तेव्हापासून त्यांची पिशवी आमच्या दाराच्या कडीला लटकते. त्यावर दोघांत चर्चा अशी कधी झालीच नाही.

वरचा सूर

सासूबाईंची मैत्रीण. जन्मभर नर्स होती, पण चर्चमध्ये तिला सगळे 'वरचा सूर' म्हणतात. शाळकरी मुली असल्यापासून दोघी गायनवृंदात शेजारी उभ्या राहिल्या. ती वरची चाल गायची, सासूबाई खालची. सासूबाईंचा आवाज एकटा ऐकला तर टेबल सरकवल्यासारखा वाटतो. तिच्या आवाजाखाली मात्र तो जमिनीसारखा असतो.

मग तिच्या पाठीने दगा दिला आणि ती चाकांच्या खुर्चीत बसली.

आमचं चर्च उंच जोत्यावर आहे. बांधणाऱ्यांना देवाच्या जवळ जायचं असावं. सुरुवातीला चारजण तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायचे. एकदा एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, आणि ती म्हणाली, "मी काय कपाट आहे का?" त्यानंतर ती वर आली नाही. अंगणात, पायऱ्यांखाली बसू लागली.

तो रविवार

आमच्याकडे एक पद्धत आहे. तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

कोणी मोठं दान देणार असेल तर उपासनेत उभं राहून ते कशासाठी, हे मोठ्याने सांगायचं. मंडळीने आमेन म्हणायचं. आमेन झालं की दानाचं ताट वेदीकडे जातं. झालं नाही तर जात नाही. आमेन झालं नाही असं एकदाच घडलंय म्हणतात. एका गृहस्थाला दान आपल्या नावाच्या पाटीसाठी द्यायचं होतं.

खजिनदारांचं आमेन नेहमी सगळ्यांनंतर येतं. सगळी मंडळी एका दमात म्हणून मोकळी होते, मग शांतता, मग कुणीतरी खोकतं, आणि मग पुढच्या बाकावरून ते एकटं, जाडसर आमेन. पोरं हसतात. पण पाळकसुद्धा त्याची वाट बघतात. तारुण्यापासून त्यांचं असंच आहे. त्यांची बायको म्हणायची, लग्नातसुद्धा त्यांनी 'होय' म्हणायला इतका वेळ घेतला की तिच्या वडिलांनी घसा खाकरला.

त्या रविवारी सासूबाई उठल्या. म्हणाल्या, हे पैसे पायऱ्यांशेजारी उतार बांधायला, खुर्ची आत यावी म्हणून.

आमेन.

खोकला.

आमेन.

ताट गेलं.

भोंगे

आता खजिनदारांची बाजू. ती ऐकायलाच हवी, कारण माणूस वाईट नाही.

उतार बांधायचा तर तो लांबलचक हवा, बाग तोडायला हवी, परवानग्या हव्यात. त्यांनी चौकशी केली, डोकं धरलं, आणि मग त्यांना तोडगा सुचला. लाउडस्पीकर. दोन अंगणात, बाकीचे आत, आणि उरलेल्या पैशांत इमारतीला रंग. ज्यांना चढता येत नाही त्यांना खाली बसून सगळं स्वच्छ ऐकू येईल! चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीला हे फारच आवडलं. रंग तर सगळ्यांनाच हवा होता.

भोंगे लागले त्या दिवशी खजिनदार स्वतः खाली आले आणि 'वरचा सूर'ला त्यांनी विचारलं, ऐकू येतंय ना? ती हो म्हणाली. तिला येत होतंच.

सासूबाई वर गात होत्या. गीताच्या दुसऱ्या कडव्यात त्या थांबल्या आणि वही मिटून पायऱ्या उतरून खाली गेल्या. अंगणात वरचा सूर भोंग्याबरोबर गात होती. भोंग्यातून आवाज किंचित उशिरा यायचा, त्यामुळे ती जिथे जाऊन पोचायची तिथून मंडळी नुकतीच निघालेली असायची. एखाद्याने रिकाम्या फलाटावर हात हलवावा तसं.

आतलं तिला ऐकू येत होतं. तिचं आत कोणाला ऐकू येत नव्हतं.

सासूबाईंनी कमिटीला सांगितलं. कमिटी म्हणाली, दान एकदा दिलं की दिलं, त्यावर हक्क सांगायचा नसतो. त्यांनी पाळकांना सांगितलं. पाळक म्हणाले, प्रार्थना करू. सासूबाई म्हणाल्या, जरूर करू, आणि वकीलबाईंकडे गेल्या.

आत आणि बाहेर

दाव्यात सासूबाईंनी पैसे परत मागितले नव्हते. ज्यासाठी दिले ते बांधा, एवढंच. हरल्या असत्या तर समोरच्याचा खर्च डोक्यावर आला असता. शिवाय कमिटीने कळवलं होतं की चर्चला कोर्टात ओढणाऱ्यांच्या सभासदत्वाचा फेरविचार होईल. ज्या बाईने आयुष्यात एकच रविवार चुकवला, तोही मुलाच्या जन्मासाठी, तिला हे.

नवरा घाबरला. मीही घाबरले. सासूबाई दर रविवारी गेल्या. गायनवृंदात आपल्या जागी उभ्या राहिल्या आणि शेजारची जागा त्यांनी कोणाला घेऊ दिली नाही. दोघी-तिघींनी बोलणं सोडलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "त्यांच्या गुडघेदुखीचं ऐकून माझे गुडघे दुखायला लागले होते."

कमिटीने वेदीचं कापड बाहेरच्या दुकानात दिलं. ते आलं ते मधोमध घडी उमटलेलं. दोन रविवार मंडळी त्या घडीकडे बघत बसली. तिसऱ्या आठवड्यात आमच्या दाराच्या कडीला दोन पिशव्या होत्या. एक खजिनदारांची, एक निनावी. निनावी पिशवीत कापड होतं.

एका संध्याकाळी वरचा सूर आमच्याकडे आली. मी चहा ठेवला. ती सासूबाईंना म्हणाली, "माझ्यासाठी मंडळी फोडू नकोस. मला अंगणात वारा लागतो, बरं वाटतं."

"फोडतेय कुठे? तू बाहेर, आम्ही आत. फुटलेलीच आहे."

मग वरचा सूर म्हणाली की चहात साखर कमी आहे. मी साखर आणायला उठले. परत आले तेव्हा त्या दोघी एक जुनं गीत गुणगुणत होत्या, आणि मी साखरेचा डबा हातात धरून दारातच उभी राहिले.

साक्षी

लिखित काही नव्हतं. त्यामुळे वकीलबाईंनी प्रत्येक साक्षीदाराला तेच विचारलं: बाई उठून काय म्हणाल्या, आणि मंडळी काय म्हणाली?

पाळक: माझे डोळे मिटलेले होते.

पहिले पंच: बऱ्याच दिवसांपूर्वीची गोष्ट आहे.

दुसऱ्या पंच: मी फुलांकडे बघत होते.

तिसरे पंच: आमेन तर आम्ही सगळ्यालाच म्हणतो.

चर्चचे वकील प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बाईंनी फक्त इच्छा बोलून दाखवली, अट घातली नाही, आणि आमेन हा प्रार्थनेतला शब्द आहे, करारातला नाही.

सासूबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. आपलीच माणसं एकामागून एक विसरत होती, तरी त्या कोणाकडे डोळे वटारून बघत नव्हत्या. त्या खिडकीकडे बघत होत्या. पडद्याला इस्त्री नव्हती.

आदल्या दिवशी

हे मधेच सांगायला हवं. खजिनदारांच्या साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांची पिशवी नेहमीसारखी आली होती. आत एकच शर्ट, पांढरा, चांगला.

मी म्हणाले, "आई, उद्या ते तुमच्याविरुद्ध उभे राहणार आहेत."

"मग चुरगळलेले उभे राहू देत? लोक म्हणतील, बाईने सूड उगवला." त्यांनी बाही टेबलावर पसरली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "खरं बोलायला माणसाला धड कपडे लागतात. खोटं काय, कशातही बोलता येतं."

एक उत्तर

खजिनदार साक्षीला उभे राहिले. कॉलर कागदासारखी बसली होती.

वकीलबाईंनी विचारलं, बाई काय म्हणाल्या ते आठवतं का? ते म्हणाले, उताराबद्दल काहीतरी. वकीलबाईंनी विचारलं, मंडळी आमेन म्हणाली? ते म्हणाले, म्हणाली असेल.

"आणि तुम्ही?"

चर्चचे वकील उठले. प्रार्थनेतल्या शब्दाचा इथे काय संबंध, असं त्यांनी विचारलं. न्यायाधीश म्हणाले, उत्तर देऊ द्या.

खजिनदार गप्प झाले.

खोली थांबली. पंखा फिरत होता. चर्चच्या वकिलांना वाटलं, साक्षीदार अडखळला. त्यांनी घाईने पाण्याचा पेला पुढे केला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि पेन खाली ठेवलं. मागे बसलेल्या आम्हा मंडळीला मात्र ही शांतता ओळखीची होती. दर रविवारची. नवऱ्याने माझा हात धरला. पाळकांनी सवयीने डोळे मिटले. कोणीतरी खोकलं.

"म्हणालो," खजिनदार म्हणाले. "सगळ्यांत शेवटी म्हणालो. आधी मी ऐकतो, मग मला पटतं का बघतो, मग म्हणतो. त्या दिवशी मला पटलं होतं. उतारासाठी आहे हे मला माहीत होतं. माझ्या आमेनशिवाय ताट पुढे जात नाही, आणि ताट गेलं."

मग ते पाणी प्यायले.

निकाल, थोडक्यात

दान विशिष्ट कामासाठी दिलं गेलं आणि त्याच कामासाठी स्वीकारलं गेलं. ते काम करावं. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

व्हरांड्यात पंच खजिनदारांपासून अंतर ठेवून उभे होते, जणू त्यांना गोवर झालाय. सासूबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेल्या. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी विचारलं, कॉलर टोचत तर नव्हती ना? ते नाही म्हणाले. मग दोघं आपापल्या वाटेने गेले.

पुढच्या सभेत कमिटीने खजिनदारांना प्रकृतीच्या कारणास्तव पदमुक्त केलं. त्यांची प्रकृती ठणठणीत होती. ते पुढच्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर, दाराशी जाऊन बसू लागले. सासूबाईंच्या सभासदत्वाचा विषय मात्र कोणी काढला नाही. वेदीच्या कापडाची सगळ्यांना काळजी होती.

कठडा

उतार झाला. भोंग्यांच्या आणि रंगाच्या खर्चाची भरपाई म्हणून पंचांना खिशात हात घालावा लागला, त्यामुळे तो थोडा कुरकुरतच झाला, आणि त्याला कठडा करायचा राहून गेला.

पहिल्या रविवारी वरचा सूर त्यावरून वर आली. खुर्ची मागून कोणी ढकलायची नाही, असं तिने बजावलं होतं. सासूबाई बाजूने चालत होत्या, कठडा असावा तिथून, अगदी कडेने.

गायनवृंदातली शेजारची जागा रिकामी होतीच. पहिलं गीत झालं. त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. एवढंच की टेबल सरकवल्यासारखा जो आवाज, तो त्या दिवशी पुन्हा जमीन झाला.

मग दानाची वेळ आली आणि खुर्चीतूनच 'वरचा सूर'ने हात वर केला. ती म्हणाली, तिच्या पेन्शनीतले थोडे पैसे साठलेत, ते उताराला कठडा करायला, कारण तिची मैत्रीण कडेने चालते आणि तिचंही आता वय झालंय.

मंडळी म्हणाली, आमेन.

नवे खजिनदार तत्पर माणूस. त्यांनी मंडळीबरोबरच म्हटलं, लगेच उठले आणि वेदीकडे न्यायला ताटाला हात घातला.

ताट धरणाऱ्या पाळकांनी ते सोडलं नाही.

नव्या खजिनदारांनी एकदा हळूच ओढून पाहिलं. मग त्यांनी वर बघितलं. पाळक समोर, दाराकडे बघत होते. गायनवृंद दाराकडे बघत होता. हळूहळू सगळ्या बाकांवरची डोकी वळली. पंचांचीही वळली, जरा नाइलाजाने. कोणीतरी खोकलं.

शेवटच्या बाकावर ते मान खाली घालून बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. ऐकून झालं होतं. आता पटतंय का, ते बघत होते.

आम्ही थांबलो.

"आमेन," ते म्हणाले.

पाळकांनी ताट सोडलं.