साखळीला धरून बहात्तर

निवृत्त होऊन दहा महिने झाले तरी त्यांना सगळे मुकादमच म्हणत. गल्लीतला न्हावी म्हणे, पोस्टमन म्हणे, आणि चिडली की बायकोही म्हणे. छत्तीस वर्षं त्यांनी इमारती उभ्या केल्या होत्या, आणि भिंत सुतात नसेल तर उभ्या उभ्या पाडायला लावली होती. सिमेंट ओलं आहे तोवर चूक कबूल करा, असं ते गवंड्यांना सांगत. स्वतःच्या चुकीचं सिमेंट मात्र त्यांनी चांगलं दहा महिने वाळू दिलं होतं.

ती चूक झाली निरोप समारंभात. माइक हातात आला की भल्याभल्यांची जीभ सैल सुटते, तशी मुकादमांचीही सुटली. "आमच्या चार पिढ्या बांधकामात गेल्या," ते म्हणाले, "आता माझ्यानंतर घरात हे काम करणारं कोणी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत त्यांची एकुलती एक मुलगी बसली होती. त्याच साइटवर ती दोन वर्षं टॉवर क्रेन चालवत होती आणि बापाला लागणारं लोखंड रोज तीच वर चढवून देत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

खरं सांगायचं तर मुकादमांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट. त्यांच्या लेखी बांधकाम म्हणजे थापी, ओळंबा आणि सुतळी. क्रेन चालवणं म्हणजे गाडी हाकणं. मग ती गाडी तीस मजले उंच का असेना.

मुलीला घरात ठेंगी म्हणत, कारण शाळेत उंचीमुळे ती कायम पहिल्या बाकावर असायची. आता ठेंगी सगळ्या शहराच्या डोक्यावर बसून काम करत होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. समारंभानंतर ती भांडली नाही. भांडली असती तर मुकादमांनीही आवाज चढवला असता आणि विषय मिटला असता. तिने साइटजवळ खोली घेतली. दर रविवारी ती जेवायला येई, आईशी पोटभर गप्पा मारी आणि वडिलांशी कामापुरतं बोले. "मीठ द्या." "पंखा लावू का?" "येते." बोलण्यात रागाचा मागमूस नसे. फक्त 'बाबा' हा शब्द तिने काढून टाकला होता. पहिले काही रविवार मुकादमांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि आलं त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही ऐकूच येईना.

एका सोमवारी बायको म्हणाली, "ठेंगीची बदली झाली. कुठल्याशा मोठ्या पुलाचं काम आहे, दोन वर्षांचं. पुढच्या सोमवारी पहाटेच निघायचं म्हणतेय."

मुकादम पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून बसले होते.

"खाडीचा वारा आणि केबिनमधला हीटर नावाला," बायको पुढे म्हणाली. "विकतची टोपी तिच्या डोक्यात जात नाही. केस का थोडे आहेत. तिला ढगळ टोपी हवी, मागे लोंबणारी, अंबाडा सामावून घेणारी. बसते आज विणायला."

"मी विणतो," मुकादम म्हणाले.

बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या हातांकडे. त्या हातांनी एकदा चहाच्या कपाचा कान नुसता धरताना मोडला होता.

"अहो, शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता."

"क्रोशाची सुई एकच असते ना? दोन नसतात? मग जमेल. आणि तू मध्ये पडायचं नाहीस. सुरुवात करून दे, बाकी माझं मी बघतो."

बायको तीस वर्षं बायकांना विणकाम शिकवत होती आणि तीस वर्षं मुकादमांना ओळखत होती. त्यांनी 'बघतो' म्हटलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने कपाटातून जाड सुई काढून त्यांच्या हातात ठेवली.

लोकर आणायलाही ते स्वतःच गेले. दुकानातल्या बाईंनी करडी दाखवली, तपकिरी दाखवली. मुकादमांनी बोट ठेवलं ते एका रंगीबेरंगी गुंड्यावर. जांभळा, नारिंगी, पोपटी, निळा, सगळे एकाच धाग्यात.

"ह्याला रंग बदलायला धागा तोडावा लागत नाही," बाई म्हणाल्या. "आपला आपण बदलत जातो."

"किती अंतराने?"

"ते काय सांगावं? येईल तसा येतो."

हे उत्तर मुकादमांना मुळीच पटलं नाही, पण लोकर त्यांनी तीच घेतली. घरी आल्यावर बायकोने गुंडा उलटसुलट करून पाहिला. "एवढी भडक?"

"उंचावर बसते ती. खालून दिसायला नको?"

बायकोने गुंडा हळूच टेबलावर ठेवला. रोज सकाळी फिरायला जातो म्हणून हे कुठे जातात, ते तिला त्या दिवशी कळलं.

पहिल्या दिवशी ती शेजारी बसली. साखळी कशी घालायची, सुईवर धागा घेऊन खांब कसा उभा करायचा, ते तिने दाखवलं. 'खांब' हा शब्द ऐकून मुकादमांची कळी खुलली. विणकामात आपल्या ओळखीचं कोणी भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. टाळूचा गोल तिने स्वतः मोजत त्यांच्याकडून करून घेतला. आधी बारा, मग चोवीस, मग छत्तीस, असं दर ओळीला बारा वाढवत सहाव्या ओळीला बहात्तर.

"आता वाढवायचं नाही," ती म्हणाली. "खांबावर खांब. बहात्तरचे बहात्तर, बारा ओळी. मग काठाला कमी करायचे, की झाली टोपी. नवीन ओळ सुरू करताना तीन साखळ्या घालून वर चढायचं, विसरू नका."

"शिडी," मुकादम म्हणाले.

"शिडी म्हणा हवं तर," असं म्हणून ती आपल्या वर्गाला निघून गेली. हे 'हवं तर' पुढे फार महागात पडलं.

मंगळवारी मुकादम खिडकीशी खुर्ची ओढून बसले. सुई त्यांनी थापीसारखी मुठीत धरली होती आणि जीभ दातांत. तीन साखळ्या घातल्या, शिडी झाली. मग पायथ्यापासून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एकेक खांब. मोजले, बरोबर बहात्तर. पुढची ओळ. पुन्हा शिडी, पुन्हा खांब. शिडीच्या डोक्यावरची जागा रिकामी दिसली. रिकामी जागा ठेवणं हे काय बांधकाम झालं? तिथेही एक खांब उभा केला. मोजले तर त्र्याहत्तर. त्यापुढच्या ओळीला चौऱ्याहत्तर.

त्यांनी उसवलं आणि पुन्हा विणलं. पुन्हा त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. बुधवारी त्यांनी दर दहा खांबांना भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. भिंत खराब झाली, आकडा तोच आला. गुरुवारी तिसऱ्यांदा उसवलं. उसवून उसवून लोकरीला पीळ पडले होते, शेवटी बायकोने न बोलता ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून वाफ दाखवून सरळ केली. मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती मूग गिळून बसली होती. तिला ते किती जड गेलं ते तिचं तिलाच ठाऊक.

गुरुवारी दुपारी मुकादमांचं डोकं फिरलं. वाढतायत तर वाढू देत म्हणून त्यांनी दात-ओठ खात बाराच्या बारा ओळी एका दमात ओढल्या. शुक्रवारी सकाळी काठ घालायच्या आधी त्यांनी खुंटीवरचं ठेंगीचं जुनं हेल्मेट काढलं आणि टोपी त्यावर घालून पाहिली. टोपी हेल्मेटवरून अलगद खाली घसरली आणि वर मूठभर जागा उरली. आत हेल्मेटसकट दुसरं डोकं मावलं असतं.

मुकादमांनी हात टेकले. माणूस जन्मभर 'मला विचारा' म्हणत जगला की 'मी विचारतो' म्हणणं जिवावर येतं. ते स्वयंपाकघराच्या दारात टोपी घेऊन उभे राहिले.

"अगं, जरा बघतेस?"

बायकोने हात पुसले. बघायची तिला गरज नव्हती, मंगळवारपासून तिला सगळं दिसत होतं. तिने ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

"हा पहिला. हा तुम्ही मोजतच नाही."

"ती शिडी आहे. साखळ्या आहेत त्या. खांब कुठाय?"

"तीन साखळ्या उभ्या राहिल्या की तो खांबच धरायचा. त्याच्या पायथ्याशी दुसरा घालायचा नाही. तुम्ही त्याला खांब मानत नाही, म्हणून दर ओळीला त्याच्या शेजारी एक जास्तीचा उभा करता. मग टोपी फुगणार नाही तर काय होणार?"

"पण दिसतो तरी का खांबासारखा?"

"नसेल दिसत. वेगळ्या तऱ्हेने केलाय म्हणून. पण पुढची सगळी ओळ त्याच्याच आधाराने वर चढते ना? आणि तुम्ही म्हणता, तो कामातलाच नाही."

बायको टोपीबद्दलच बोलत होती. निदान तिचं बोट तरी टोपीवरच होतं. मुकादम मात्र तिसऱ्या रांगेकडे बघत होते. माइक, टाळ्या, आणि मांडीवर स्थिर ठेवलेले ते दोन हात. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि सहासष्ट वर्षांच्या माणसाला स्वयंपाकघराच्या दारात वाईट वाटलं की कुठे बघायचं तेही कळत नाही. ते ओट्याकडे बघत राहिले.

बायकोचा आवाज नरम झाला. "आता उसवू नका. रविवार परवावर आला. काठाला दोरी ओवून आवळू, कुणाला कळणार नाही. ती काय मोजायला बसणारे?"

"ती मोजेल," मुकादम म्हणाले. "तिला तूच शिकवलंयस."

त्यांनी खिडकीशी बसून धाग्याचं टोक ओढलं. बारा ओळी भराभर सुटल्या, जांभळं आलं, नारिंगी आलं, तीन दिवसांचं काम मांडीवर येऊन पडलं. टाळूच्या गोलाशी ते थांबले. तो बहात्तरांचा होता, बायकोने मोजलेला. साखळीला धरून.

शुक्रवार गेला, शनिवारही गेला. सुईने बोटाला खड्डा पडला, तिथे चिकटपट्टी लावून ते पुढे विणत राहिले. न्हाव्याने खिडकीतून विचारलं, "काय मुकादम, नवीन इमारत?" एरवी त्यांनी त्याला चार शब्द सुनावले असते. आता ते फक्त "एकेचाळीस, बेचाळीस" म्हणाले आणि न्हावी निघून गेला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घातल्या की ते थांबत आणि मोठ्याने म्हणत, "एक." मग पुढचे. बारा ओळींत बारा वेळा त्यांनी ते 'एक' म्हटलं. आत भांडी लावणारी बायको दर वेळी थबकत होती.

रविवारी ठेंगी आली तेव्हा काठाचा शेवटचा टाका जेमतेम पडला होता. तिघं जेवायला बसले. मुकादमांनी टोपी पाठीमागे लपवली होती, आणि काही धड लपवता येईल असा त्यांचा स्वभावच नव्हता. पहिल्याच घासाला त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"तुला. तिकडे वारा असतो."

ठेंगीने टोपी उचलली. "छान झालीय गं आई. रंग कसले भारी आहेत."

"माझा हातसुद्धा लागलेला नाही," आई म्हणाली आणि भाजी वाढायला लागली.

ठेंगीने वर पाहिलं. मुकादमांच्या बोटाला चिकटपट्टी होती. मग तिने टोपी उलटी केली आणि आईने शिकवल्याप्रमाणे काठापासून वर नजर नेली. तीन-तीन साखळ्यांची एक तिरकी रेघ टाळूपासून काठापर्यंत उतरली होती.

"इथे रेघ दिसतेय," ती म्हणाली.

"दिसू दे," मुकादम म्हणाले. शनिवारभर त्यांनी मनात जे रचलं होतं ते सगळं ऐन वेळी पसार झालं, म्हणून जे उरलं तेवढंच ते बोलले. "तो पहिला खांब आहे. मी त्याला मोजत नव्हतो. साखळी म्हणजे खांब नव्हे असं धरून चाललो होतो. सगळी टोपी बिघडली. माझं चुकलं, ठेंगे. त्या दिवशी माइकवरही चुकलं. सगळ्यांसमोर चुकलं."

ठेंगी मान खाली घालून टोपीच्या काठावरून बोट फिरवत होती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती, आणि मुकादम श्वास रोखून बसले होते. साइटवर मोठमोठे इंजिनियर तपासणीला आले तेव्हाही ते इतके घाबरले नव्हते. काठाच्या वरच्या ओळीला तिने पूर्ण फेरा मारला.

"बहात्तर," ती म्हणाली.

"तिला धरून," मुकादम म्हणाले.

ठेंगीने अंबाडा सैल केला, टोपी डोक्यात घातली, केस आत सारले. टोपी कपाळावर नीट बसली आणि मागे जेवढी लोंबायला हवी तेवढीच लोंबली. पोपटी पट्टा नेमका कानावर आला होता, तो कोणी ठरवला नव्हता. टोपी तशीच ठेवून ती जेवायला लागली. घरात थंडी मुळीच नव्हती.

दोन घास खाऊन झाले. मग ताटातून नजर न उचलता ती म्हणाली, "बाबा, मीठ द्या."

मिठाची बाटली तिच्या हाताशीच होती. मुकादम उठले, टेबलाला वळसा घालून गेले, आणि तिथली बाटली उचलून त्यांनी तिच्या हातात दिली.