विहिणीला काम सांगू नये

“सोडा जी, इहीनबाई. सोडा म्हनलं ना.”

वरणाच्या पातेल्याचा, गंजाचा, एक काठ पुष्पाबाईंच्या हातात होता आणि दुसरा त्यांच्या विहिणीच्या, म्हणजे ताम यांच्या. नळाजवळ उकिडव्या बसून दोघी ओढत होत्या. ताम यांना मराठी येत नव्हतं, पुष्पाबाईंना व्हिएतनामी येत नव्हती, आणि गंज कोणीच सोडत नव्हतं.

भिंतीपलीकडून शेजारच्या गोदावरीबाईंचं डोकं वर आलं.

“काहून वो पुष्पा, इतक्या दुरून इहीनीले भांडे घासाले बोलावलं का?”

पुष्पाबाईंनी गंज हिसकावून घेतला. तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन सून लान घरातून धावत आली, तोवर तिची आई रिकाम्या, राखेने माखलेल्या हातांकडे बघत बसली होती.

“आत्याबाई, करू द्या ना तिले,” लान म्हणाली. ती मराठी शिकली ती याच अंगणात, त्यामुळे पुस्तकी मराठी तिला येतच नव्हती.

“करू देऊ? गावात माह्यं नाक कापाचं हाये का तुले? सांग तिले, खुर्चीवर बसाले.”

लानने आईला सांगितलं. आई खुर्चीवर जाऊन बसली, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी.

आसगावच्या तुलाराम आणि पुष्पाबाईंचा सचिन मत्स्यशास्त्र शिकून मेकाँग नदीकाठी कॅन थो शहरात एका मत्स्यबीज केंद्रावर नोकरीला गेला होता. लान तिथल्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. लग्न करून दोघं इकडे आले आणि गोसीखुर्दच्या जलाशयात पिंजरे टाकून मासे वाढवू लागले. लग्नाला तिचे आईवडील नाखूशच होते. आता पहिल्यांदाच ते मुलीचं घर बघायला आले होते.

सचिनने दिल्ली-आग्ऱ्याचा बेत आखला होता. ताम यांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, “ताजमहालात माझी मुलगी राहते का?”

मग लानने त्यांना आपला देश दाखवला. तो पवनी तालुक्याच्या फारसा बाहेर जात नव्हता. ती भाजी घेते तो बाजार, तिच्या मापाचे सैल पायजमे शिवणारा शिंपी, वैनगंगेचा घाट, धरणाची भिंत. वडिलांना सगळंच आवडलं. त्यांनी धरणाच्या दारांचे फोटो काढले आणि म्हशींचे त्याहून जास्त काढले. तुलारामांबरोबर ते रोज बांधीवर, धानाच्या शेतावर जात. एकमेकांची भाषा येत नसताना दोघं शेताच्या धुऱ्यावर बसून धानाचे दाणे दातांनी फोडून बघत आणि माना हलवत. दुपारी दोघंही खूश होऊन परत येत.

आई मात्र देश बघतच नव्हती. धरणावर उभी राहून ती लानच्या भेगाळलेल्या टाचा बघत होती.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी लान तिला एकटीला नावेतून पिंजऱ्यांकडे घेऊन गेली. नोव्हेंबरचं निवांत पाणी होतं. लानने मीटरची तार पाण्यात सोडली. विरघळलेला प्राणवायू ठीक होता. मासे वरच्या थराला येऊन तोंड उघडत नव्हते. वाकून आकडा वाचत असतानाच आई म्हणाली,

“तुझ्या सासूने मला अजून एक कांदा चिरू दिला नाही.”

“मा, हा इथला मान आहे. विहिणीला काम सांगत नाहीत.”

“आपल्याकडे काम कोणाला सांगत नाहीत? जो उद्या जाणार असतो त्याला.”

“तू उद्या जाणारच आहेस ना.”

“मी माझं बोलत नाही.” आईने पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. “माझ्याशी ही बाई एवढी जपून वागते. तुझ्याशी कशी वागते, ते मला दिसतच नाही. मी असले की तूही पाहुणी होतेस. तुला या घरात कोणी रागावतं का, लान? की तुलाही खुर्ची देतात?”

लानला हसू आलं, पण आईकडे बघून ते विरलं. तिला सांगता आलं असतं, रोज रागावतात, गेल्या आठवड्यात मीठ जास्त पडलं म्हणून केवढं ऐकवलं. पण मुली आईला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात, हे आईलाही माहीत होतं. नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवायला ती एवढा प्रवास करून आली नव्हती. लानने तार गुंडाळली. उद्या आई हा प्रश्न तसाच घेऊन विमानात बसणार, एवढंच तिला दिसत होतं.

संध्याकाळी पाहुण्यांसाठी लांब पोळ्यांचा बेत होता. अंगणात मोठी चूल मांडून तिच्यावर मडकं पालथं घातलं होतं. चुलीत लाकूड सारायला गोदावरीबाई बसल्या होत्या. पुष्पाबाई सैल कणकेचा गोळा आपटून आपटून ताणत, तळहातापासून कोपरापर्यंत पोळी लांबवत आणि तापल्या मडक्यावर अलगद टाकत. घरात लान रस्सा ढवळत होती. ताम आपली खुर्ची ओढत ओढत चुलीजवळ घेऊन आल्या होत्या. तेवढ्याला कोणी हरकत घेतली नव्हती.

गोदावरीबाई फोन आला म्हणून उठल्या. तेवढ्यात चुलीतलं जाड लाकूड जळून खाली बसलं आणि त्यावर टेकलेलं मडकं एका अंगाला कललं. पुष्पाबाईंच्या दोन्ही हातांवर पोळी ताणलेली होती.

“धर वो, धर. गेलं ना मडकं. बसून का पायते?”

समोर कोण आहे हे बघायला त्यांना वेळच नव्हता. लान पळी टाकून दारापर्यंत आली आणि थांबली. आईने खुर्ची लाथाडून खाली बसकण मारली होती. ओल्या फडक्याने तिने मडकं सावरलं, दुसऱ्या हाताने लाकूड आत सारलं.

“आवो, इतकं नाई. आर पयले मांगं ओढ. पोळी जरली पाय.”

पोळी मडक्यावर पडली होती आणि एका कडेला काळी झाली होती. आईने निखारे मागे ओढले. नको होते तेवढे ओढले. त्यावरूनही तिला ऐकून घ्यावं लागलं.

गोदावरीबाई परत आल्या.

“इहीनीले चुलीपासी बसवलं का वो?”

“मंग? हात हायेत ना तिले,” पुष्पाबाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं, विहिणीकडे बघितलं. विहीण जाळाचा अंदाज घेत होती. पुष्पाबाईंनी जरा विचार केला आणि कणकेचा एक गोळा तिच्या हातावर ठेवला.

“घे. पायतो, तुह्यानं होते का.”

झालं नाही. पोळी कोपरापर्यंत पोचायच्या आधीच मधोमध फाटली. पुष्पाबाईंनी पिठाळ हाताने विहिणीच्या मनगटावर चापट मारली. “घाई कायले करते? हे पोरगी बी असीच. तुह्यापासूनच शिकली वाट्टे.” हे पोरगी म्हणताना त्यांची मान दाराकडे वळली. “अना तू का उभी हायेस? रस्सा लागन तिकडे.”

लान आत पळाली.

पाठोपाठ आई तिच्यामागे आली, हातावरची कणीक खरवडत.

“आता तुला काय म्हणाली?”

“रस्सा करपेल म्हणाली. उभी काय राहिलीस म्हणाली.”

“असंच बोलते?”

“रोज.”

“मग तू काय करतेस?”

“आधी रडायचे. आता उलट बोलते.”

आईने मान हलवली. भांड्यातला रस्सा तिने पळीने एकदा हलवला आणि पळी परत लानच्या हातात दिली. “मग माझं रागवायचं काम कमी झालं,” ती म्हणाली आणि पुन्हा चुलीकडे गेली.

ओसरीवर तुलाराम, सचिन आणि लानचे वडील जेवायला बसले. त्यांच्या ताटांत चौपदरी घडी घातलेल्या, पांढऱ्या, कुठेही न फाटलेल्या पोळ्या पडत होत्या. जळकी आणि मधोमध भोक पडलेली, अशा दोन पोळ्या पुष्पाबाईंनी बाजूला ठेवल्या होत्या. घरच्या बायकांसाठी त्या नेहमीच अशा ठेवायच्या. पुरुष उठल्यावर त्यांनी चुलीपाशीच तीन ताटं मांडली. फाटकी पोळी तोडून अर्धी स्वतःच्या आणि अर्धी लानच्या ताटात टाकली, आणि जळकी, काही न विचारता, ताम यांच्या ताटात.

ताम यांनी जळकी कड बोटांनी मोडली. ती बाजूला न टाकता रश्शात बुडवली आणि सावकाश खाल्ली.