नुसता दाब

"आठ, तीन, नऊ, पाच, दोन," थोरलीने वाचलं आणि पुढच्या ओळीवर ती मुद्दाम अडखळली. उजव्या डोळ्यावरची काळी झाकणी तिने जरा घट्ट धरली, मान पुढे काढली. "तीन... नाही, आठ असेल. आठ. मग सहा, दोन..."

डाव्या डोळ्याला समोर दिसत होता तो एक उजेडाचा चौकोन, आणि त्याच्या मधोमध काचेवर वाफ धरावी तसा करडा डाग. जिथे बघावं तिथे तो आधीच जाऊन बसलेला असायचा. अगदी वरच्या ओळीतल्या ठसठशीत अंकाची एखादी कड त्याच्या बाजूने डोकावत होती, तेवढीच. बाकीचा तक्ता ती मनातून वाचत होती.

"छान," नजर तपासणारे गृहस्थ म्हणाले. "मागच्यापेक्षा एक अंक कमी. एवढं चालायचंच."

तो एक अंक तिने ठरवून सोडला होता. सगळंच बिनचूक आलं तर कुणालाही संशय येईल.

अंक पाठ ठेवणं तिला जड नव्हतं. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. कानाला हेडफोन, समोर पिनांची पाटी, आणि अर्ध्या शहराचे नंबर डोक्यात. सासरची मंडळी तिला कौतुकाने 'डिरेक्टरी' म्हणायची. एकदा एक्स्चेंजच्या तळघराला आग लागली, सगळे जिन्यावरून पळाले, आणि ही अग्निशामक दलाला, इस्पितळाला, वीज कंपनीला एकामागून एक फोन जोडत पाटीसमोर बसून राहिली होती. अशी बाई सुईला भिते, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. आणि सुई दंडात नाही, कमरेत नाही. डोळ्यात.

गेल्या वर्षी एका सकाळी उठली तर डाव्या डोळ्यासमोर धुकं. डोळ्याच्या पडद्यातून रक्त परत नेणारी शीर तुंबली आहे, असं इस्पितळात सांगितलं. रक्त पुढे सरकत नाही, पडदा सुजतो, आणि त्यावर उपाय म्हणजे दर महिन्याला डोळ्यात औषधाची सुई. ते ऐकून ती खुर्चीवरून उठली होती, पर्स उचलून थेट दारापर्यंत पोचली होती. धाकटी जाऊ मागून धावली नसती तर ती परत आत आलीच नसती.

मग संशोधनाच्या डॉक्टरांनी दुसरा रस्ता दाखवला. डोळ्यातला रक्तप्रवाह सुधारणाऱ्या एका नव्या औषधाची तिथे चाचणी चालली होती. अर्ध्या लोकांना ते औषध सुईने मिळणार आणि उरलेल्यांच्या डोळ्याला सुई नसलेली सिरिंज नुसती दाबून धरणार. कुणाला काय मिळालं ते ना पेशंटला कळणार, ना तपासणाऱ्याला. नजर ठरावीक मर्यादेखाली घसरली, की गुपित फोडायचं आणि लागेल तो उपचार लगेच सुरू करायचा.

थोरलीने त्यातलं एकच ऐकलं. निम्म्यांना सुई नाही. तिने तिथल्या तिथे होकार दिला.

पहिल्या वेळी डोळा बधिर करणारे थेंब पडले, पापण्या चिमट्याने उघड्या धरल्या गेल्या, वरून कुणीतरी "छताकडे बघा" म्हणालं. मग बुबुळाच्या बाजूला बोटाने दाबावं तसा एक दाब, आणि झालं. पुढच्या महिन्यात तेच. त्यानंतर थांबायच्या खोलीत शेजारी बसलेल्या, चाचणीतल्याच एका बेकरीवाल्याने सांगितलं, "मला तर दिवसभर डोळ्यापुढे काळे फुगे तरंगत राहतात. औषध आत गेल्याची खूण आहे ती."

तिच्या डोळ्यापुढे कधीच फुगे तरंगले नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला. आपल्याला नुसता दाब मिळतोय.

पण त्या आनंदाच्या पोटातच दुसरी भीती निघाली. नजर उतरली तर खरी सुई येणार. आणि नजर तर उतरत होती. त्या रात्रीपासून ती उजव्या डोळ्याने वाचलेला तक्ता घोकू लागली.

तपासणी संपवून ती बाहेर आली तेव्हा धाकटी तिची पर्स पोटाशी धरून बसली होती.

"काय म्हणाले, वहिनी?"

"आहे तसंच आहे."

"मग तोंड का असं झालंय?"

"थेंबांनी चुरचुरतं गं."

पुढची तपासणी मशीनची होती. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्ट्याला लावायचं आणि आतल्या हिरव्या फुलीकडे बघत राहायचं. डाव्या डोळ्याला फुली दिसत नव्हती. ती अंदाजाने समोर बघत राहिली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. यावेळी संशोधनाच्या डॉक्टर स्वतः आल्या, त्यांनी बारीक उजेडाची पट्टी बुबुळावरून इकडून तिकडे फिरवली. फिरवतच राहिल्या. त्यांचा श्वास थोरलीला जवळून ऐकू येत होता. तो मध्येच थांबला.

"काकू, जरा माझ्या खोलीत या," त्या म्हणाल्या. "जाऊबाईंनाही घेऊन या."

खोलीत संगणकाच्या स्क्रीनवर तिचा डोळा होता. गर्द तांबूस गोल, त्यातून फांद्यांसारख्या फुटलेल्या शिरा, आणि खालच्या बाजूला शिरांशिवायचा भलामोठा काळा पट्टा.

"इथे आता रक्त पोचत नाही," डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं. "दोन महिने हा भाग वाढतोय. पण तुमची नजर काही हलत नाही. मला वाटायचं आमच्या मशीनचंच चुकतंय. मी ते दुरुस्तीलासुद्धा पाठवलं होतं."

थोरली मांडीवरच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आज नवीन दिसलं ते वेगळं आहे. बुबुळाच्या कडेला बारीक शिरा फुटल्यात. उपाशी राहिलेला डोळा अशा शिरा काढतो. त्या वाढल्या की डोळ्यातलं पाणी तुंबतं, आतला दाब चढतो. मग डोळा ठणकतो. रात्रंदिवस."

"नजर?" धाकटीने विचारलं.

"नजर राहत नाही. ठणका राहतो."

धाकटीने थोरलीच्या मनगटावर हात ठेवला.

"पण मला एक कळत नाही," डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "असा पडदा असलेल्या माणसाला वरची ओळसुद्धा दिसायला नको. तुम्ही निम्मा तक्ता वाचता. कसं?"

"मला पाठ आहे," थोरली म्हणाली.

"काय पाठ आहे?"

"तक्ता. आठ, तीन, नऊ, पाच, दोन. तीन, आठ, सहा, दोन, नऊ. खालून वर म्हणून दाखवू का?"

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळत कडेला गेलं, तरी त्यांनी ते अडवलं नाही.

"कधीपासून?"

"तिसऱ्या खेपेपासून."

"वहिनी, ते तुम्ही स्वयंपाकघरात पुटपुटायचात ते?" धाकटीचा आवाज चिरकला. "अहो, मला वाटलं नोकरीतले नंबर आठवतायत! मी घरभर सांगत फिरले, आमच्या डिरेक्टरीची पानं अजून जागच्या जागी आहेत म्हणून."

"मला सुई नको होती," थोरली म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता धाकटीने. "माझ्या वाट्याला नुसता दाब आलाय, हे मला माहीत होतं. नजर घसरली म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही मला खरी सुई दिली असती. आता द्या. मी हलणार नाही. हातपाय बांधायचे तर बांधा."

डॉक्टरांनी फोन उचलला. चाचणीचं गुपित ज्यांच्याकडे असतं त्या औषधविभागाला त्यांनी थोरलीचा क्रमांक सांगितला, कारण सांगितलं, आणि थांबल्या. पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"पुन्हा तपासून सांगा," त्या म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. फोन ठेवला तरी हात त्यावरच राहिला.

"काकू, तुम्हाला खरं औषध मिळत होतं."

"नाही हो."

"पहिल्या दिवसापासून. दर वेळी सुई आत गेली आहे. थेंबांनी डोळा बधिर होतो, म्हणून नुसता दाब कळतो."

"पण ते फुगे..."

"कुणाला दिसतात, कुणाला नाही."

थोरलीने नकळत हात डाव्या डोळ्याकडे नेला आणि तो हवेतच राहिला. ज्या सुईसाठी ती दाराकडे पळाली होती, जिच्यापायी महिनोन् महिने कणीक मळता मळता अंक घोकत होती, झोपेत दचकून उठत होती, ती दर महिन्याला येऊन गेली होती. तिला पत्ताही लागला नव्हता.

"म्हणजे औषध लागू पडलं नाही," ती हळूच म्हणाली.

"तुम्हाला नाही पडलं."

"आणि हे आधी कळलं असतं तर?"

डॉक्टरांनी फोनवरचा हात काढला. "औषध बदललं असतं. लेझर आधी केलं असतं. किती वाचलं असतं ते मी सांगू शकत नाही. काहीतरी वाचलं असतं."

खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा टीं टीं आवाज येत राहिला. धाकटी पदराने डोळे पुसत होती. थोरलीचे डोळे कोरडे होते. तिला जुनं भय चाचपायची सवय झाली होती, म्हणून ती मनात ते शोधत होती, आणि ते जागेवर नव्हतं. तिथे आता त्याहून मोठं काहीतरी बसलं होतं, आणि त्याला सुईसारखं टोकही नव्हतं.

"उजवा?" तिने विचारलं.

"उजवा चांगला आहे. त्याच्यावर लक्ष ठेवू. डाव्याची नजर परत येणार नाही, पण ठणका टाळता येईल. लेझरने. आता उशीर करून चालणार नाही."

"दुखतं का हो त्याने?" धाकटीने विचारलं. हे विचारायचं काम नेहमी थोरलीचं असायचं.

"थोडं दुखतं. मध्ये मध्ये चटका बसतो. खरं तेच सांगते."

"आज होईल?" थोरली म्हणाली.

"आज? घरी जाऊन विचार करून, उद्या सकाळी..."

"घरी गेले तर मी येणार नाही. मला माहीत आहे मी कशी आहे ते."

लेझरची खोली बोळाच्या टोकाला होती. धाकटीला दारातच थांबवलं. थोरलीने खुर्चीवर बसून हनुवटी टेकवली, आणि कपाळ पट्ट्याला लावलं तेव्हा सगळं मशीन बारीक थरथरलं. डॉक्टरांनी मागे सरून पाहिलं. थरथर मशीनची नव्हती. खुर्चीचे दांडे धरलेली बोटं पांढरी पडली होती.

मदतनीस बाईंनी पाठीमागून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"घाबरू नका, काकू," डॉक्टर म्हणाल्या.

"मला घाबरू द्या," थोरली म्हणाली. "तुम्ही सुरू करा."