नंबर पुसलेली काचपट्टी

मी एक काचपट्टी बोलतेय. बोटाएवढी लांब, अगदी पातळ. पन्नास बहिणींबरोबर खोक्यातून प्रयोगशाळेत आले तेव्हा वाटलं होतं, छे! एखाद्या खिडकीची काच झाले असते तर निदान जग तरी दिसलं असतं. आता तसं वाटत नाही. माझ्या अंगावर जे आहे, ते कुठल्याच खिडकीतून दिसत नाही.

आमची प्रयोगशाळा एका मोठ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. इथल्या बाई एका प्रश्नाच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. पोटातल्या कॅन्सरला रेडिएशन दिलं की आतड्याचं नाजूक अस्तरही होरपळतं. आधीपासून व्हिटॅमिन दिलं, तर ते वाचेल का? त्यासाठी उंदरांचे दोन गट केले. एकाला व्हिटॅमिन, दुसऱ्याला नुसतं रोजचं खाणं, आणि रेडिएशन मात्र दोघांनाही. बिचाऱ्यांनी कुणाचं घोडं मारलं होतं!

पुढचं काम इथल्या जुन्या तंत्रज्ञांचं, काकांचं. उंदराच्या आतड्याचा तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि अलगद आमच्यावर उचलून घ्यायचा. तीस वर्षं काका येईल त्याला बजावतात, "उंदराचा नंबर पेन्सिलीनंच!" कारण मेण काढायला आम्हाला ज्या द्रावणात बुडवतात, त्यात पेनची शाई धुऊन जाते. बाईंना हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

पण त्या दिवसांत बाईंच्या आई खालच्या मजल्यावर रेडिएशन घेत होत्या. पंचवीसपैकी पंधरावी खेप. जुलाबांनी त्या अर्ध्या झाल्या होत्या. फोन आला, "आईंना चक्कर आलीय." हाताला लागलं त्या पेननं बाईंनी माझ्या टोकाला नंबर खरडला आणि त्या धावल्या.

द्रावणातून मी बाहेर आले ती नंबर गमावून. मेणातला तुकडाही संपला होता, माझ्यावरचा काप शेवटचा; ताडून बघायला दुसरा काढायची सोय नाही.

काकांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, तुम्हीसुद्धा?"

रंग चढवून बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि बघतच राहिल्या. काय सांगू तुम्हाला! अन्नरस टिपून घेणारी आतड्यातली इवली इवली बोटं, ते रसांकुर, गुलाबी-जांभळ्या रंगात ताठ उभे होते. त्यांच्या बुंध्याशी नव्या पेशी दाटीवाटीनं जन्मत होत्या. रेडिएशन सोसूनसुद्धा! मी काचेची, पण मलाही शहारून आलं.

"हा व्हिटॅमिनवालाच, बाई. पैज लावतो," काका म्हणाले.

"पैजेवर मोजणी होत नाही, काका." बाईंनी मला खणात ठेवून दिलं. मी फार हिरमुसले.

आठवड्यानं बाईंच्या आई जिना चढून वर आल्या. "आजपासून मी जायची नाही. आतून सगळं जळून गेलंय माझं. काय उरलंय आता वाचवायला?"

बाईंनी खण उघडून मला काढलं. "आई, इथं डोळा लाव."

आईंनी वाकून डोळा लावला. मग म्हणाल्या, "अगं बाई! काय फुललंय हे?"

"रेडिएशन मिळालेल्या उंदराचं आतडं."

"यालाच दिलं होतंस ना तुझं व्हिटॅमिन?"

माझा जीव टांगणीला लागला. एका 'हो'नं आई जायला तयार झाल्या असत्या.

"ठाऊक नाही, आई. नंबर पुसला गेला, माझ्याच चुकीनं. आणि उंदराचं माणसाला लागू होतंच असंही नाही. एवढं मात्र खरं, हे अस्तर चार-पाच दिवसांत नवं होत असतं. रेडिएशन त्याला मागे खेचतं, पण ते पुन्हा कामाला लागतं. तुझंही लागेल."

आईंनी पोटावर हात ठेवला. "म्हणजे मी इथं कुरकुरत बसलेय आणि हे बापडं आत राबतंय?" मग लेकीकडे बघून हसल्या. "लहानपणीही तुला धड थाप मारता यायची नाही. किती खेपा राहिल्या?"

"पाच."

"मग चल खाली, उशीर होतोय."

पुढे नंबरवाल्या बहिणींची मोजणी झाली. व्हिटॅमिनवाल्या उंदरांचे रसांकुर जास्त टिकले होते. बाईंनी अहवालात 'फक्त उंदरांमध्ये' या शब्दांखाली रेघ मारली. त्यात मी नाही. मी खणातच असते, धूळ खात. एकच मागणं आहे, जेवून उठताना कधीतरी पोटावर हात ठेवा. आत केवढं काम चाललंय!

गेल्या आठवड्यात आई तपासणीला आल्या होत्या. चेहरा भरलाय. आल्या आल्या त्यांनी मलाच मागितलं, डोळा लावला आणि ओरडल्या, "अजून उभी आहेत गं ती बोटं!"