तडा फक्त माझ्या काचेला होता

मी एक जुनं भिंग आहे. पितळी कडा, लाकडी मूठ आणि काचेला आडवा तडा. तड्याचं मला काही वाटत नाही, मित्रांनो. पण त्याच्या नावावर जे खपवलं गेलं, ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भिंगाला तळपाय नसतो, हे मलाही ठाऊक आहे!

माझी उमेदीची वर्षं छापखान्यात गेली. माझे मालक तिथे छपाईतल्या चुका शोधायचे. मुंगीएवढी अक्षरं मी मोठी करायची आणि त्यांनी लाल पेन्सिलीनं चूक टिपायची. "यांच्या नजरेतून काही सुटत नाही," असं लोक म्हणायचे, तेव्हा निम्मी शाबासकी मी गुपचूप घ्यायचो. मग मालक निवृत्त झाले, आजोबा झाले आणि मी ड्रॉवरात धूळ खात पडलो.

पुढे आजींच्या गोळ्या वाढल्या, तेव्हा माझी आठवण झाली. रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्यांच्या, झोपेच्या. रोज सकाळी आजोबा माझ्यातून नावं वाचत, चिठ्ठीशी ताडून बघत आणि गोळ्या बशीत मांडत. एक दिवस चुकला नाही.

तरी आजींना चक्कर येऊ लागली. एकदा त्या टेबल धरायला गेल्या, टेबल कलंडलं आणि मी फरशीवर आपटलो. तडा तेव्हाचा. त्यानंतर आजोबा सगळी पाकिटं पसरून बसले. दोन पाकिटांवरची मोठी नावं वेगळी होती, पण खाली बारीक अक्षरांत औषध एकच! एक पाकीट हृदयाच्या डॉक्टरांचं, दुसरं नेहमीच्या डॉक्टरांचं. आजोबांनी दोन्हींवर लाल वर्तुळ काढलं, मला खिशात टाकलं आणि तडक निघाले.

नेहमीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसले. "आजोबा, भिंगाला तडा गेलाय. एकाचे दोन दिसणारच!" पाकिटं हातात घेतलीसुद्धा नाहीत. वर म्हणाले, "या वयात लोक गोळ्या नीट घेत नाहीत, म्हणून त्रास होतो." आणि चक्कर थांबायला आणखी एक गोळी लिहून दिली! हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या गोळीला मी कसा हात लावू?" औषधवाले म्हणाले, "चिठ्ठीत असतं ते देतो, काका." तिघांनीही हात झटकले. अरे, मग त्या गोळ्या काय आपल्या पायांनी चालत आल्या होत्या?

चौथ्या दिवशी आजी बाथरूमच्या दारात पडल्या. उजवं मनगट मोडलं.

इस्पितळात दाखल केल्यावर वॉर्डातल्या सिस्टर मात्र म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. सगळ्या." आजोबांनी बुटांच्या खोक्यात भरून आणल्या. सिस्टरनी त्या पलंगावर ओतल्या. आजोबांनी मला पुढे केलं, तर म्हणाल्या, "राहू द्या, मला दिसतंय." आणि मोठ्यानं वाचलं. एकच नाव, दोनदा.

"आजोबा, हे मी नेहमी बघते," त्या चिडून म्हणाल्या. "जो तो आपली गोळी लिहितो. एकूण काय काय पोटात जातंय, ते कोणी बघत नाही. आणि मग म्हणतात, म्हातारी माणसं नीट घेत नाहीत."

"मी नीटच देत होतो हो," आजोबा म्हणाले. "दोन्ही. रोज. माझ्या हातानं." आणि ते ओक्साबोक्शी रडले.

आजींनी डाव्या हातानं त्यांची बाही ओढली. "अहो, तुम्ही तरी वाचलंत. पुसा बघू डोळे."

सिस्टरनी वॉर्डच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दोन्हींतली एक गोळी बंद केली, चक्कर थांबवायची गोळीही बंद केली. हळूहळू चक्कर गेली. आजी आता फाटकापर्यंत चालतात. उजव्या हातानं मात्र अजून भरलेला पेला उचलवत नाही.

मित्रांनो, मला नवी काच नको. तुमच्या घरात कोणाच्या गोळ्या वाढल्या असतील, तर मनानं एकही बंद करू नका. सगळ्या घेऊन जा, डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि त्या वाचून होईपर्यंत खुर्चीतून उठू नका. कोणी हसलं तर हसू द्या. तडा माझ्या काचेला होता. त्यांचे डोळे तर धडधाकट होते ना!